कॅमेऱ्याचे तोंड दाराकडे असावे

मालेगाव किंवा भिवंडीसारख्या गावात घर आणि कारखाना यांच्यामध्ये पुष्कळदा एक भिंतच असते. खाली माग चालतात, मागच्या खोलीत सुताच्या गोण्या आणि ताग्यांची थप्पी, वरच्या मजल्यावर संसार. चोरीची भीती असते, म्हणून आता चार-सहा मागांचा लहान कारखानदारही बिनतारी कॅमेरे लावू लागला आहे. ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु आमच्या पाहण्यात असे आले आहे की, आपले बंधू कॅमेरा घेताना चार दुकाने फिरतात, भावात घासाघीस करतात, आणि तो कॅमेरा घरच्या ज्या वायफायवर चालणार त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. नवे कुलूप आणावे आणि किल्ली चौकटीवर ठेवून बाहेर जावे, तशातला हा प्रकार आहे.

आम्ही कापडाचे व्यापारी, इंजिनिअर नव्हे. त्यातून शिक्षण उर्दू माध्यमात झालेले, त्यामुळे या यंत्रांसोबत येणारी बारीक अक्षरातील इंग्रजी पत्रके ही आमच्यासाठीही डोकेदुखीच. तरीही या कामातील ज्या गोष्टी मालकाने स्वतः समजून घेतल्या पाहिजेत, त्या फार अवघड नाहीत. बाकीचे काम घरातील मुलगा किंवा बसवणारा कारागीर करू शकतो.

प्रथम ‘बिनतारी’ या शब्दाविषयी. चित्र तारेशिवाय जाते, वीज नव्हे. बॅटरीवर चालणारे कॅमेरे मिळतात, पण ते हालचाल झाली तरच जागे होतात आणि वारंवार चार्ज करावे लागतात. कारखान्याला ते उपयोगाचे नाहीत. साध्या कॅमेऱ्याला जवळ प्लग लागतोच. आणि कॅमेरा चालू असला तरी राउटर बंद पडला तर मोबाइलवर काहीच दिसणार नाही. म्हणून राउटरला स्वतंत्र लहान बॅटरी-बॅकअप लावावा. तो राउटरच्या व्होल्टेजचाच असावा, बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात. दारावरच्या कॅमेऱ्यालाही इन्व्हर्टरची लाइन द्यावी. चोर मीटरपाशी वीज तोडून आत येऊ शकतो हे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट रेंजची. वायफायच्या दोन मुख्य वारंवारता घरगुती राउटरवर असतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाचची गती जास्त, पण भिंत आडवी आली की ती लवकर दमते. २.४ ची गती कमी, पण ती भिंतीपलीकडे अधिक पोहोचते. स्वस्तातले बहुतेक कॅमेरे फक्त २.४ वरच चालतात. राउटरने दोन्हींना एकच नाव दिलेले असेल तर जोडणी करताना कॅमेरा अडून बसतो, आणि मग दुकानदाराला नाहक बोल लावला जातो. राउटरमध्ये जाऊन दोन्हींची नावे वेगळी करावीत किंवा जोडणीपुरते ५ गिगाहर्ट्झ बंद ठेवावे. दाट वस्तीत प्रत्येक घराचे वायफाय एकमेकांवर आदळत असते. २.४ मध्ये १, ६ आणि ११ हे तीन चॅनेलच एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. त्यांपैकी शेजाऱ्यांनी कमी वापरलेला निवडावा.

लोखंडी शटर आणि पत्र्याचे छत हे वायफायचे मोठे वैरी. दिवसा शटर उघडे असताना चित्र स्वच्छ येते आणि रात्री नेमके शटर ओढल्यावर कॅमेरा गायब होतो. यावर साधी परीक्षा आहे. भिंतीला भोक पाडण्यापूर्वी, जेथे कॅमेरा लावायचा तेथे मोबाइल धरून, त्यावर घरचेच वायफाय ठेवून, शटर आणि सर्व दारे बंद करून पाच मिनिटे व्हिडिओ कॉल करावा. कॉल अडखळला तर कॅमेराही अडखळेल. मग राउटरची जागा बदलावी, किंवा तार टाकून कारखान्यात दुसरा ॲक्सेस पॉइंट बसवावा. नुसता रेंज वाढवणारा स्वस्त रिपीटर अनेकदा अर्धी गती स्वतःच खातो. नेटवर्कची तांब्याची तार १०० मीटरपर्यंत व्यवस्थित काम देते. तेवढे अंतर असेल आणि तार नेता येत असेल तर तारच न्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. जेथे तारेला वाट नाही तेथेच बिनतारी. मुख्य दार आणि मालाची खोली या दोन जागी तर तारेचाच कॅमेरा असावा, कारण वायफाय बाहेरून मुद्दाम अडवताही येते.

मागांच्या कारखान्यात आणखी दोन त्रास आहेत, जे पत्रकात लिहिलेले नसतात. एक म्हणजे तंतूंची धूळ. ती काचेवर बसते आणि रात्री कॅमेऱ्याचे अदृश्य दिवे लागले की तीच धूळ उजळून चित्रावर पांढरे धुके पसरते. दुसरे म्हणजे हादरे. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात, म्हणून कॅमेरे बसवण्याचे काम बहुधा त्याच दिवशी उरकले जाते, आणि चित्र सुंदर दिसते. परंतु कारागिराचा हिशेब शनिवारी, सगळे माग सुरू झाल्यावर चित्र पाहूनच चुकता करावा. कॅमेरा शक्य तो मागांच्या शेडच्या लोखंडी खांबावर न लावता पक्क्या भिंतीवर लावावा.

उंचीबाबतही गल्लत होते. हात पोहोचू नये म्हणून कॅमेरा पंधरा फुटांवर चढवतात, मग चोराची टोपी दिसते, चेहरा दिसत नाही. आठ ते दहा फूट उंची पुरे. दारावर रात्रभर एक साधा एलईडी दिवा ठेवला तर चेहरा आणि कपड्यांचा रंगही बराच ओळखू येतो.

आता चित्रण कोठे साठते ते पाहू. दोन मेगापिक्सेलचा साधा कॅमेरा अखंड चित्रण करताना सेकंदाला सुमारे दोन मेगाबिट घेतो असे धरले, तर दिवसाला साडेएकवीस जीबी होतात. म्हणजे ६४ जीबीचे कार्ड तीन दिवसांत भरते, १२८ चे सहा दिवसांत, आणि मग जुन्यावर नवे लिहिले जाते. ईदच्या सुटीत आठवडाभर गावी जाणाऱ्याने हा हिशेब आधी करावा. कार्डही कॅमेऱ्यासाठी बनवलेले, सतत लिहिणे सोसणारे घ्यावे. मोबाइलमधले साधे कार्ड लवकर संपते. शिवाय चोर कॅमेराच उपटून नेतो तेव्हा कार्ड त्याच्याबरोबर जाते. म्हणून तीन-चार कॅमेरे असतील तर घराच्या आतल्या खोलीत, कपाटात, रेकॉर्डरची पेटी ठेवावी. कॅमेरा घेताना तो ‘ऑनव्हिफ’ पद्धतीला अनुकूल आहे काय हे विचारावे, म्हणजे पेटी एका कंपनीची आणि कॅमेरा दुसऱ्याचा असला तरी बहुधा जमते. कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर, म्हणजे क्लाउडवर साठवायचे असेल तर लक्षात घ्यावे की, चार कॅमेऱ्यांना अखंड आठ मेगाबिटची अपलोड गती लागेल. इंटरनेटवाला आपल्याला जो आकडा सांगतो तो बहुधा डाउनलोडचा असतो.

येथवर झाले मालाच्या रक्षणाचे. खरी काळजीची बाब पुढे आहे.

ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या इंटरनेट-सेवा कंपनीवर हल्ला झाला आणि अनेक नामांकित संकेतस्थळे काही तास बंद पडली. हल्ला करणारी यंत्रे कोणती होती? जगभरच्या घरांतील आणि दुकानांतील कॅमेरे, रेकॉर्डर, राउटर. ‘मिराय’ नावाचा प्रोग्राम कारखान्यातून येणारी साठेक ठरावीक नावे व पासवर्ड एकामागून एक लावून पाहत होता, आणि लाखो यंत्रांची दारे उघडत होती. त्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता. हे दूरचे वाटत असेल तर जवळचे उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील कॅमेऱ्यांची चित्रे, ज्यांत महिला रुग्णांची तपासणी चालू होती, इंटरनेटवर विकली जात असल्याचे उघड झाले. त्या तपासात गुजरात पोलिसांनी आपल्या महाराष्ट्रातून, लातूर आणि सांगलीकडूनही, अटक केली. मालाची चोरी भरून निघते. घरातल्या माणसांचे खासगी जीवन एकदा बाजारात गेले की कोणता विमा ते परत आणणार?

म्हणून कॅमेरा जोडण्यापूर्वी राउटर उघडावा. त्याचा पत्ता बहुधा त्याच्या तळाशी चिकटवलेला असतो. त्याचा मालकी पासवर्ड बदलावा, वायफायचा पासवर्ड वेगळा आणि लांब ठेवावा. दुकानाचे नाव किंवा मोबाइल क्रमांक हे पासवर्ड नव्हेत. सुरक्षेच्या खान्यात डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडावे. बटण दाबून जोडणी करणारी डब्ल्यूपीएस ही सोय, आणि यंत्रांना आपोआप बाहेरची वाट उघडून देणारी यूपीएनपी ही सोय, दोन्ही बंद कराव्यात. बाहेरून चित्र पाहता यावे म्हणून कारागीर ‘पोर्ट उघडून देतो’ म्हणाला तर नम्रपणे नकार द्यावा. मोबाइल ॲपमधून पाहायला त्याची गरज नसते.

कॅमेऱ्यांसाठी राउटरमध्ये ‘गेस्ट’ नावाचे वेगळे नेटवर्क काढावे. ते कॅमेऱ्यांपुरतेच असावे, पाहुण्यांना देऊ नये. म्हणजे उद्या कॅमेऱ्यात कोणी शिरलाच, तरी ज्या संगणकावर आपले जीएसटीचे हिशेब आणि बँकेचे व्यवहार चालतात तेथपर्यंत त्याचा हात सहजी पोहोचणार नाही. रेकॉर्डरची पेटी असेल तर तीही त्याच नेटवर्कवर ठेवावी. काही राउटर गेस्ट नेटवर्कमधील यंत्रांना एकमेकांशी बोलू देत नाहीत, तेव्हा पेटी आणि कॅमेरे जुळतात काय हे बसवतानाच पाहावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ॲपचे खाते कोणाच्या नावावर आहे? बसवणारा मुलगा घाईत स्वतःच्याच मोबाइल क्रमांकावर खाते उघडतो, चित्र दाखवतो, पैसे घेऊन जातो. त्या दिवसापासून आपले दार त्याच्या खिशात असते. तो बेइमान असेलच असे नाही. पण त्याचा मोबाइल हरवला तर? खाते मालकाच्या क्रमांकावर, मालकाच्या समोर उघडावे आणि दुहेरी पडताळणी सुरू करावी. मुलाला किंवा मुनीमजींना पाहायचे असेल तर ॲपमध्येच त्यांना वेगळी परवानगी देता येते, पासवर्ड वाटू नये. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी त्याची परवानगी काढावी. जुना कॅमेरा विकताना किंवा विकत घेताना तो खात्यातून सोडवून, कार्ड काढून, कोरा करावा.

खरेदीविषयी एवढेच की, एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारने इंटरनेटशी जोडल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी अनिवार्य केली आहे. दुकानदाराला त्या प्रमाणपत्राविषयी विचारावे आणि पक्क्या बिलावर मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा. बिनबिलाचा, बिननावाचा कॅमेरा पाचशे रुपयांनी स्वस्त पडतो, पण त्याच्या प्रोग्रामची दुरुस्ती पुढे कोणी पाठवत नाही.

आता कॅमेऱ्याची नजर कोठे असावी? आमच्या मते दाराकडे, जिन्याच्या पायथ्याकडे, मालाकडे आणि गल्ल्याकडे. घराच्या आत नको. अंगणात किंवा ओसरीवर घरच्या आणि शेजारच्या स्त्रिया कांड्या भरत बसतात, बोलतात, लहान मुलांना घेतात. त्यांच्यावर रात्रंदिवस डोळा ठेवण्याचा अधिकार घरच्या कर्त्यालाही नाही. ज्याला ॲप दिले तो प्रत्येक जण ते पाहणार, हे विसरू नये. एकाच वास्तूत राहणाऱ्या नातलगांच्या वादात, निवासी भागात दुसऱ्याच्या संमतीविना कॅमेरे चालवता येणार नाहीत, असे कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितले आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या भावांनी हे अवश्य लक्षात घ्यावे. समोरच्या घराचे दार किंवा खिडकी चित्रात येत असेल तर कॅमेरा वळवावा. वळत नसेल तर सेटिंगमध्ये तेवढा भाग काळा करण्याची सोय अनेक कॅमेऱ्यांत असते. तसे केल्यावर शेजाऱ्याला बोलावून ते चित्र दाखवावे. त्याचा संशय फिटेल.

कारागिरांनाही सांगून कॅमेरा लावावा, दारावर पाटी असावी. आवाजाची नोंद बंद ठेवावी. माग चालू असताना खडखडाटाशिवाय काही ऐकू येत नाही, आणि बंद असताना माणसे काय बोलतात ते त्यांचे त्यांच्यापाशी.

चोरी झालीच, तर चित्रणाचा उपयोग पुरावा म्हणून व्हावा लागतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे आणि त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा चित्रणासोबत ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे लागते. पडद्यावरचे चित्र दुसऱ्या मोबाइलने टिपून व्हॉट्सॲपवर फिरवणे म्हणजे पुरावा नव्हे. जुन्यावर नवे लिहिले जाण्यापूर्वी मूळ फाइल काढून घ्यावी, कार्ड किंवा पेटी जपून ठेवावी आणि पोलिसांना व वकिलाला लगेच सांगावे. कॅमेऱ्यातील तारीख आणि वेळ चुकीची असेल तर समोरचा वकील पहिला प्रश्न त्यावरच विचारील.

महिन्यातून एका शुक्रवारी, माग बंद असताना, काच मऊ कापडाने पुसावी, कोळ्याची जाळी काढावी, ॲपमध्ये परवानगी असलेल्यांची यादी पाहावी, घड्याळ तपासावे आणि तीन दिवसांपूर्वीचे चित्रण प्रत्यक्ष काढून पाहावे. निघाले नाही तर त्याच दिवशी कार्ड बदलावे.