उलटे वाचलेले ‘सत्यम’

सुशासनाचा पुरस्कार मिरवणाऱ्या हैदराबादच्या ‘सत्यम’चे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ रोजी पत्राद्वारे कबुली दिली : ताळेबंदातील रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. वास्तविक ठेवींची खातरजमा लेखापरीक्षकाने थेट बँकेकडून करून घ्यायची असते. तत्पूर्वी डिसेंबरात राजू कुटुंबाशी निगडित दोन ‘मायटास’ कंपन्या खरेदी करण्यास नामवंत स्वतंत्र संचालकांनीही संमती दिली होती. (रोमन लिपीत ‘सत्यम’ उलटे वाचले की ‘मायटास’ होते!) गुंतवणूकदार खवळले, तेव्हा कुठे तो बेत रद्द झाला.

२०१३च्या कंपनी कायद्याने सूचीबद्ध कंपन्यांना गैरप्रकार उघड करणाऱ्या कर्मचाऱ्यास संरक्षण देणारी यंत्रणा बंधनकारक केली. मात्र तक्रार ऐकणारी समितीच प्रवर्तकाच्या मर्जीतली असेल, तर तो कर्मचारी तोंड उघडील कशाला?