पट्टेदार जहाजांचे तैलचित्र

युद्धकाळात चित्रकाराचा उपयोग तो काय, असे कोणी विचारल्यास आम्ही त्यास एका तैलचित्राकडे बोट दाखवू. कॅनडातील ओटावा येथील राष्ट्रीय कलादालनात ते आहे. पहिल्या महायुद्धातील लिव्हरपूल बंदराच्या सुक्या गोदीत उभी असलेली पट्टेदार जहाजे हा त्याचा विषय. एडवर्ड वॉड्सवर्थ (१८८९–१९४९) या इंग्रज चित्रकाराने १९१९ साली ते रंगविले. त्याची उंची सुमारे तीन मीटर आहे.

चित्राच्या मध्यभागी एका अजस्र जहाजाची नाळ कड्यासारखी उभी आहे. तिच्यावर काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची अशी गुंतागुंत आहे की, जहाज कोठे संपते व गोदी कोठे सुरू होते हे क्षणभर उमगत नाही. तिच्या पायथ्याशी रंगकाम करणारी माणसे अगदी चिमुकली दिसतात. सुकी गोदी म्हणजे दरवाजे लावून पाणी उपसून टाकता येईल असा मोठा हौद. पाणी गेले की जहाज ठोकळ्यांवर टेकते आणि त्याचा एरवी बुडालेला भागही दुरुस्तीस मोकळा होतो.

पण जहाजांना हा विचित्र वेष कशासाठी? १ फेब्रुवारी १९१७ पासून जर्मनीने पाणबुड्यांचे अनिर्बंध युद्ध आरंभिले. एकट्या एप्रिल महिन्यात ८ लाख टनांहून अधिक व्यापारी जहाजे बुडाली. समुद्र व आकाश यांचे रंग घटकेघटकेला पालटतात, शिवाय धुराचे लोट दुरूनही दिसतात. म्हणून जहाज लपविणे अशक्यच होते. तेव्हा सागरचित्रकार व नौदलाधिकारी नॉर्मन विल्किन्सन यांनी वेगळाच विचार मांडला: जहाज लपवू नये, शत्रूच्या नजरेला चकवावे.

यातील मर्म गणिताने कळेल. ताशी ३६ सागरी मैल वेगाचा टॉर्पेडो एक किलोमीटर अंतर सुमारे ५४ सेकंदांत कापतो. तेवढ्या अवधीत ताशी १२ सागरी मैल वेगाने आडवे जाणारे जहाज सुमारे ३३० मीटर पुढे सरकते. म्हणजे पाणबुडीला जहाजावर नव्हे, ते जेथे पोहोचणार त्या जागेवर नेम धरावा लागतो. आणि त्यासाठी जहाजाची दिशा व वेग अचूक ओळखावा लागतो. तिरप्या पट्ट्यांमुळे नाळ कोठे आणि पिछाडी कोठे, जहाज जवळ येते की दूर जाते, याविषयी पेरिस्कोपातून पाहणाऱ्याचा अंदाज चुकावा, हा हेतू.

लंडनच्या रॉयल अकॅडमीत या कामाची चित्रशाळा होती. तेथे जहाजांच्या लहान प्रतिकृती रंगवून, फिरत्या मेजावर ठेवून, पेरिस्कोपातून पारखल्या जात. त्या रंगविणाऱ्यांत अनेक तरुण स्त्रिया होत्या. मान्य झालेला नमुना मग बंदरात खऱ्या जहाजावर उतरवीत. लिव्हरपूल व ब्रिस्टल येथे ही देखरेख स्वतः वॉड्सवर्थ करीत असे. म्हणूनच त्याचे चित्र प्रेक्षकाचे नसून कामकऱ्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

युक्तीचे फलित काय? १९१८ साली ब्रिटिश नौदलाने चौकशी केली. पट्ट्यांमुळे जहाजे वाचली असा निर्णायक पुरावा मिळाला नाही. मात्र खलाशांचा धीर वाढतो, हे मान्य झाले.

हे खलाशी कोण होते? ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हजारो हिंदी माणसे राबत होती. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे खलाशी व गोव्याचे तारवटी त्यांत होते. कोणी तळाच्या भट्टीत कोळसा लोटीत होता, कोणी भटारखाना सांभाळीत होता. सागर हीच ज्यांची समाधी झाली, अशा दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक मुंबईत हिंदी खलाशांच्या वसतिगृहाच्या इमारतीत आहे.

वाचकहो, चित्रात ही माणसे दिसत नाहीत. दिसतात ते केवळ पट्टे. परंतु त्या रंगीत पोलादामागे कोणाचा तरी मुलगा, कोणाचा तरी बाप होता, एवढे ध्यानी धरले म्हणजे त्या पट्ट्यांचा खरा अर्थ कळतो.