पेरणी माणसांची

पेरणीची वेळ आली की शेतकरी घरातले निवडक बियाणे बाहेर काढतो. घरात खायला कमी असले तरी बियाण्याला तो हात लावत नाही. एका दाण्याचे कणीस होते, हे त्याला ठाऊक असते.

माणसाचेही असेच आहे. कोणाला शिकवले, धीर दिला, अडचणीला चार पैसे दिले, तर ते वाढते. मात्र एक फरक आहे. शेतातले पीक पेरणाराच्या घरी येते. माणसात पेरलेले पीक कोणाच्या खळ्यावर जाईल, याचा नेम नाही. म्हणून पुष्कळ जण विचारतात, "दुसऱ्यासाठी केले, पण आपल्याला काय मिळाले?" देवाचे काम म्हणून जो करतो, तो हा हिशेब मांडीत नाही. कसे ते एका खऱ्या हकिगतीवरून पाहू.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. बाईमाणसाने शिकू नये, असे लोक मानीत असत, तो हा काळ. पण त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकवले. लोकांनी विरोध केला, तरी शास्त्रीबुवा मागे हटले नाहीत. पुढे त्याच आईने रमाबाईंना शिकवले.

दुष्काळात आईबाप गेले. रमाबाई भावाबरोबर पायी देशभर हिंडल्या. कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांची विद्या पाहून त्यांना 'पंडिता' म्हणून गौरवले. १८८० साली त्यांचे लग्न झाले आणि दोनच वर्षांत पती वारले. पदरात लहान मुलगी होती. पण आपल्यासारख्या दुसऱ्या विधवांचे काय, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. त्या विलायतेला गेल्या. तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मग अमेरिकेत जाऊन विधवांच्या शाळेसाठी मदत मागितली. तिथल्या लोकांनी दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांची शाळा उघडली. नाव 'शारदासदन'. पहिल्या दिवशी मुली आल्या किती? फक्त दोन! दोन मुलींसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणालाही वाटले असते. रमाबाईंना तसे वाटले नाही.

त्या दोघींत एक गोदूबाई होती. ती कोकणातल्या देवरुखची. लग्न म्हणजे काय हे कळण्याआधीच ती विधवा झाली होती. तिचे शिक्षण शारदासदनात झाले. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी लग्न केले. विधवेशी लग्न केले म्हणून मुरूडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांना वाळीत टाकले. या गोदूबाईच पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या. लोक त्यांना बाया कर्वे म्हणत.

१८९६ साली कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. पुढे तो जवळच्या हिंगणे गावी एका झोपडीत गेला. बाया आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत. त्यांची बहीण पार्वतीबाई आठवलेही विधवा होती, पदरात मुलगा होता. वीस वर्षे उलटून गेल्यावर ती अक्षरे शिकली. पण त्याच पार्वतीबाईंनी पुढे आश्रमाचा कारभार पाहिला, त्यासाठी गावोगाव वर्गणी मागितली. १९१८ साली त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी नीट येत नव्हते, तर लोकांच्या घरी घरकाम करून त्या राहिल्या. १९१६ साली कर्व्यांनी बायकांसाठी विद्यापीठ काढले. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले.

आता नीट पाहा. शारदासदन रमाबाईंचे, आणि त्या ख्रिस्ती. आश्रम कर्व्यांचा, आणि तो हिंदू रीतीने चाले. रमाबाईंनी पेरलेला दाणा दुसऱ्याच्या शेतात उगवला. शिवाय १८९३ सालीच मोठी ओरड झाली. रमाबाई मुलींना बाटवतात, असे म्हणून पुष्कळ पालकांनी आपल्या मुली शारदासदनातून काढून नेल्या. दुसरे कोणी असते तर हात झटकून मोकळे झाले असते. रमाबाईंनी काम सोडले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो निराधार मुली केडगावला आणल्या. त्यांना जेवू घातले आणि विणकाम, छपाई असे धंदे शिकवले. देवाने हे काम आपल्याला नेमून दिले आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. मग पीक कोणाच्या नावावर लागते, याला महत्त्व उरत नाही.

तुम्ही म्हणाल, "त्या थोर बाई. आमच्यापाशी काय आहे?" पण मंडळी, हे पान तुम्हाला वाचता येते. म्हणजे कोणीतरी तुमच्याजवळ बसून अक्षरे गिरवून घेतली. तेही देणेच आहे.

आपल्या गावात एखादी बाई शिवणकाम शिकू पाहते. एखादा पोरगा नापास होऊन घरात तोंड लपवून बसतो. त्यांना काय द्यावे? पैसा असेल तर थोडा पैसा द्यावा. नसेल तर वेळ द्यावा. वेळही नसेल तर "तुला जमेल" एवढे तरी म्हणावे. आणि दिल्यावर उपकार बोलून दाखवू नयेत. बोलून दाखवले की घेणाऱ्याची मान खाली जाते, आणि खाली मान घालून कोणी पुढे जात नाही.

घाईही करू नये. बियाणे रुजले की नाही हे पाहायला कोणी रोज माती उकरीत नाही.

सगळ्या गावाचे भले एकट्याने होत नाही. या वर्षी एक माणूस निवडा. त्याला हात द्या. पुढे तो कोणाला तरी हात देईल. तो माणूस तुम्हाला दिसेलच असे नाही. न दिसला तरी चालेल.