पाच टक्के आणि बाकीचे

कापलेल्या गवताचा वास रिअ‍ॅक्टरमध्ये तयार होतो, हे ऐकलं आणि अंबरनाथमधल्या एका लहानशा प्रयोगशाळेत जाऊन धडकले. टेबलावर दोन बाटल्या. एकीतली पूड काळीकुट्ट, दुसरीतली राखाडी. लेबल मात्र एकच: पॅलेडियम, ५ टक्के.

"धातू तोच, मापही तेच," ऑटोक्लेव्ह सांभाळणारे काका म्हणाले. "पण ताई, काळीत घातलं की वास गेलाच."

कच्च्या मालात, म्हणजे हेक्झाइनॉलमध्ये, तिहेरी बंध असतो. त्याला हायड्रोजनचा एक रेणू मिळाला की हिरवा, ओला वास. दुसरा मिळाला की उरतं नुसतं तेलकट हेक्झॅनॉल. काळ्या पुडीत पॅलेडियम कार्बनवर बसलेलं असतं, आणि एक ग्रॅम कार्बनचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जातो. अरुंद बोळांत शिरलेला रेणू लवकर सुटत नाही. बाहेर येईतो दुसरा हायड्रोजनही चिकटलेला असतो. राखाडीत ५ टक्के पॅलेडियम, बाकी बहुतेक कॅल्शियम कार्बोनेट. त्याला छिद्रं जेमतेम, त्यामुळे रेणू अर्ध्या कामावर निसटतो.

ही राखाडी पूड हर्बर्ट लिंडलार यांची. बाझलच्या हॉफमन-ला रोशमधली, १९५२ सालची. त्यांनी वर शिसं चढवून धातूची धारही मारली. शिशाचा वाटा मोठा आहे, मान्य. पण त्या ५ टक्क्यांचं इतकं कौतुक ऐकल्यावर माझा कल आपोआप बिनकिमतीच्या पुडीकडे झुकला.

नायट्रोजन फिरवून हवा काढली, हायड्रोजन सोडला. काका गेजवरून नजर हलवेनात. गॅस ओढण्याचा वेग मंदावताच त्यांनी व्हॉल्व्ह बंद केला. धातूला आणखी आवरायला घातलेल्या क्विनोलिनच्या उग्र वासाने तोवर डोकं उठलं होतं. कागदाच्या पट्टीवर थेंब पडला आणि त्यातूनही गवत आलं. मी ती पट्टी पुन्हा पुन्हा नाकाशी नेत होते.

आदल्या बॅचची काळी पूड काकांनी ओलीच ठेवली होती. वापरलेली पूड वाळली तर हवेत आपोआप पेट घेऊ शकते.

पुढची चाचणी टायटॅनिया या वेगळ्या आधारावर होती. १९७८ मध्ये एक्सॉनच्या टॉस्टर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की टायटॅनियावरचे पॅलेडियमसारखे धातू ५०० अंश सेल्सिअसला हायड्रोजनमध्ये तापवले की नंतर ते हायड्रोजन जवळजवळ धरतच नाहीत. आधाराचा पातळ थर धातूवर सरकतो, हे पुढे कळलं. तिथल्या संशोधक मुलीने हे समजावलं, तसे काका हसले.

"म्हणजे महागामोलाचे ५ टक्के आणायचे, आणि तेही झाकून ठेवायचे?"

"थोडेसेच, काका," ती म्हणाली.