दूध पचत नाही, म्हणून दम्याचे औषध सोडू नका

बुद्धपौर्णिमेला आमच्या विहारात खीरदान असते. सुजातेच्या खिरीची आठवण म्हणून मोठे पातेले चढते आणि वस्तीतले कोणीही वाटी नाकारत नाही. माझ्या शेजारच्या एक ताई मात्र दोन चमच्यांवर थांबतात. जास्त खाल्ली की पोट फुगते, गुरगुरते, संडासला पळावे लागते. दुधातली साखर तुम्हाला पचत नाही, असे डॉक्टरांनी त्यांना सांगितले आहे. या साखरेचे नाव लॅक्टोज.

याच ताईंना दमाही आहे. बरीच वर्षे त्या रस्ते झाडण्याच्या कामावर आहेत. रोज सकाळ-संध्याकाळ रोटाहेलरमधून कॅप्सूलची पावडर ओढतात. गेल्या जूनमध्ये भाच्याने खोक्यावरची बारीक अक्षरे वाचून दाखवली. त्यात लॅक्टोज लिहिले होते. "म्हणजे जे पोटाला चालत नाही, ते मी रोज छातीत ओढतेय?" ताईंनी त्याच दिवशी औषध बंद केले. आठवडाभर काहीच झाले नाही, उलट बरेच केले असे त्यांना वाटले. तिसऱ्या आठवड्यात रात्री दोन वाजता त्यांना एक वाक्यही पुरे बोलता येईना. रिक्षात घालून सरकारी रुग्णालयात नेले. ऑक्सिजन, नेब्युलायझर, चार दिवस मुक्काम. ठेकेदाराकडचे काम, त्यामुळे चार दिवसांची मजुरीही गेली.

भाच्याने वाचले ते खरे होते. या पावडरीत लॅक्टोज असतेच. पण भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले तसे, ऐकले की मानले असे न करता तपासून पाहायला हवे होते. तपासायचे म्हणजे इथे साधा हिशेब करायचा.

सालबुटामॉलच्या एका कॅप्सूलमध्ये खरे औषध फक्त 200 मायक्रोग्रॅम असते. एवढीशी भुकटी चिमटीतही येणार नाही, म्हणून ती वाहून न्यायला लॅक्टोज मिसळतात. ते एका कॅप्सूलमध्ये साधारण 25 मिलिग्रॅम भरते. आता चहा घ्या. एका कपात 50 मिलिलिटर दूध घातले, तर त्यात जवळजवळ अडीच ग्रॅम लॅक्टोज जाते, म्हणजे शंभरएक कॅप्सूल. पेलाभर दुधात नऊ-दहा ग्रॅम. ज्यांना लॅक्टोज पचत नाही, अशा बहुतेक मोठ्या माणसांना एका वेळी 12 ग्रॅमपर्यंत फारसा त्रास होत नाही. ताई दिवसातून दोनदा चहा पितात आणि त्याने त्यांना काही होत नाही. मग दोन कॅप्सूलने काय होणार?

शिवाय हा त्रास आतड्याचा आहे. लॅक्टोज फोडणारा लॅक्टेज नावाचा पाचकरस वयानुसार कमी होतो, आपल्याकडे पुष्कळांचा होतो. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात आंबते आणि वायू होतो. फुप्फुसाचा त्यात संबंध नाही. लॅक्टोजचे दाणे जाड असल्याने बहुतेक तोंडात-घशातच राहतात, बारीक औषध तेवढे पुढे जाते. स्टेरॉइडची कॅप्सूल घेतल्यावर तोंडात पांढरे चट्टे पडू नयेत म्हणून चूळ भरून थुंकायचीच असते. त्याबरोबर लॅक्टोजही बरेचसे जाते.

पावडर ओढताच खोकला येतो, तोही लॅक्टोज न पचण्याचा नव्हे. कोरडी पावडर घशाला लागते, इतकेच. पण ओढल्यावर धाप किंवा घरघर वाढली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

एका गोष्टीत मात्र गल्लत करू नका. दूध न पचणे वेगळे आणि दुधाची ॲलर्जी वेगळी. ॲलर्जी दुधातल्या प्रथिनांची असते. थोड्याशा दुधा-दह्यानेही अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास कोंडतो. इन्हेलरमधले लॅक्टोज दुधापासूनच काढलेले असल्याने त्यात या प्रथिनांचा अंश राहू शकतो. म्हणून दुधाची तीव्र ॲलर्जी असणाऱ्याने पावडरचे इन्हेलर घेऊ नये. डॉक्टरांना आधीच स्पष्ट सांगावे आणि गॅसचा पंप मागावा. त्यात लॅक्टोज नसते. लहान मुलांच्या आयांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

पंपाच्या काही प्रकारांत औषध विरघळवायला किंचित अल्कोहोल असते. पंचशील घेतलेल्या एक-दोन उपासकांनी मला त्याबद्दल विचारले होते. त्याने नशा होत नाही, ते औषध आहे, निःशंक घ्या. पण पावडरवरून पंपावर जाताना पद्धत पुन्हा शिकून घ्या. पावडर जोरात आणि खोल ओढायची असते. पंप दाबताना श्वास सावकाश घ्यायचा, स्पेसर असेल तर उत्तम. नर्स म्हणून काम करताना रोटाहेलरची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे कितीतरी रुग्ण मी पाहिले. त्यांना कोणी करून दाखवलेच नव्हते. यात रुग्णाला हसण्यासारखे काही नाही. चूक चिठ्ठी लिहून पुढचा नंबर पुकारणाऱ्यांची आहे.

सालबुटामॉल आणि ब्युडेसोनाइड ही श्वासातून घ्यायची औषधे केंद्राच्या 2022 च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. सरकारी दवाखान्यात "बाहेरून आणा" म्हणाले, तर का नाही हे विचारा. कोणाला एकट्याने विचारायला संकोच वाटत असेल, तर महिला मंडळाच्या दोघी-तिघींनी सोबत जावे.

सूज कमी ठेवणारे रोजचे औषध बंद केल्यावर त्रास लगेच होत नाही. सूज हळूहळू परत येते, आणि ताई फसल्या त्या इथेच. काहीही बदलायचे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला आणि नवे औषध हातात येईपर्यंत जुने चालू ठेवा.

ताई आता पुन्हा कॅप्सूल घेतात. पावसाळ्यात दमट हवेने पावडर चिकटते, म्हणून बाटली मोरीजवळच्या फळीवरून उचलून कपड्यांच्या कपाटात ठेवायला सांगितली आहे. कॅप्सूल ओढायच्या वेळीच काढायची, आदल्या रात्री यंत्रात भरून ठेवायची नाही.