चाल तीच, वक्ता निराळा : ‘स्पेस ऑडिटी’ या गीताची अर्थांतरे

एकाने लोकप्रिय केलेले गीत दुसऱ्याने पुन्हा ध्वनिमुद्रित करणे, यास पाश्चात्त्य संगीतव्यवसायात ‘कव्हर’ अशी संज्ञा आहे. अशा पुनर्गायनाचा विचार बहुधा संगीताच्या अंगानेच होतो. परंतु शब्द बदलले असता, किंवा ते उच्चारणारी व्यक्ती बदलली असता, अर्थाचे काय होते, हा प्रश्न भाषाभ्यासाच्या कक्षेत येतो. विज्ञानकल्पनेवर आधारलेली गीते या दृष्टीने विशेष उद्बोधक होत. कारण त्यांतील ‘येथे’ हा शब्द ज्या स्थळाचा निर्देश करतो, तेथे गायक सहसा गेलेला नसतो.

डेव्हिड बोवी या इंग्रज गीतकार-गायकाचे ‘स्पेस ऑडिटी’ हे गीत ११ जुलै १९६९ रोजी, म्हणजे ‘अपोलो ११’ चंद्रावर उतरण्यापूर्वी नऊ दिवस, प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकात स्टॅन्ली कुब्रिक यांच्या १९६८ मधील चित्रपटाच्या नावावर श्लेष आहे : ‘ऑडिसी’ म्हणजे दीर्घ प्रवास, तर ‘ऑडिटी’ म्हणजे विचित्रपणा. गीताची रचना संवादरूप आहे. भूमीवरील नियंत्रण कक्ष आज्ञा देतो व मेजर टॉम हा अंतराळवीर उत्तर देतो. पुढे संपर्क तुटतो. हाका चालूच राहतात, पण त्या पोहोचत नाहीत; टॉम बोलतो, पण ऐकणारा कोणी उरत नाही. संवादाचे स्वगतात होणारे हे रूपांतर हाच गीतातील शोकाचा गाभा होय.

बोवी यांनी याच चालीवर गायिलेले इटालियन गीत १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे शब्द मोगोल या इटालियन गीतकाराचे होते. त्यात अंतराळ नाही, यान नाही व मेजर टॉमही नाही. आहेत ते एकाकी तरुण आणि तरुणी. येथे गायक तोच असूनही विषय समूळ पालटला. नाट्यपदांच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून मूळ पदाचा निर्देश पाहण्याची सवय असलेल्या मराठी अभ्यासकास हा प्रकार अपरिचित वाटणार नाही.

तिसरे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचे प्रमुख, कॅनडाचे क्रिस हॅडफील्ड, यांनी स्थानकातच गायिलेले हे गीत १२ मे २०१३ रोजी प्रसिद्ध झाले. १४ मे रोजी ते सोयूझ यानातून कझाकस्तानात सुखरूप उतरले. त्यांच्या पाठात बरेचसे मूळ शब्द कायम आहेत. मात्र अंतराळवीराचे हरवणे गाळले असून परतीचा उल्लेख आला आहे. भूमीवरील गायकाच्या मुखी जे कल्पित होते, ते प्रत्यक्ष कक्षेत फिरणाऱ्या माणसाच्या मुखी विधान ठरते. यान परतणार नाही असे इतर कोणी गायिले तर ते काव्य होय. स्थानकाच्या प्रमुखाने गायिले तर ती वार्ता वाटेल. उलटपक्षी, ‘येथे’ या शब्दास प्रथमच त्याचे खरे स्थळ लाभले.

इटालियन पाठात गायक तोच राहिला व शब्द बदलले. हॅडफील्ड यांच्या पाठात बहुतेक शब्द तेच राहिले व वक्त्याचे स्थान बदलले. दोन्हीकडे अर्थ पालटला. तात्पर्य, गीतसंहितेचा संग्रह करताना केवळ शब्द टिपणे पुरेसे नाही. ते कोणी, कोठून व कोणास उद्देशून उच्चारले, याची नोंद नसेल तर संग्रहात शब्द राहतील, पण त्यांचा अर्थ निसटलेला असेल.