आश्रमशाळेतली निळी गोळी

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या पाड्यांवरची अनेक ठाकूर, कातकरी, वारली आणि महादेव कोळी मुली शिक्षणासाठी आश्रमशाळेत राहतात. जूनपासून उन्हाळी सुट्टीपर्यंत, दिवाळीचे दिवस वगळता, त्यांचा नाश्ता, दोन वेळचे जेवण, अभ्यास आणि झोप तिथेच होते. त्यामुळे अशा मुलीच्या रक्ताची तब्येत बऱ्याच अंशी शाळेच्या स्वयंपाकघरात ठरते.

वयात येताना उंची आणि वजन झपाट्याने वाढते, त्यासाठी जास्त रक्त तयार व्हावे लागते. त्यातच पाळी सुरू होते. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते आणि त्याबरोबर १५ ते २० मिलिग्रॅम लोह. जेवणातले थोडेच लोह अंगी लागते, म्हणून तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीच्या आहारात रोज सुमारे ३० मिलिग्रॅम लोह असावे, अशी आयसीएमआरची शिफारस आहे. नुसत्या भात-आमटीने ते भरून निघत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला.

बारा वर्षांपुढच्या मुलीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय समजतात. तो गाजावाजा करून येत नाही. मुलगी वर्गात पेंगते, चढावर दम लागतो, खेळायला नको म्हणते. आजूबाजूचे तिला आळशी ठरवतात आणि तीही ते खरे मानते.

यावर सरकारी उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असते. ती उपाशीपोटी घेतली की मळमळते, मग ‘गोळी बाधते’ अशी कुजबुज होते आणि पुढच्या वेळी गोळी खिडकीबाहेर जाते. म्हणून ती जेवणानंतर, शिक्षकांसमोर घ्यावी. शौचाचा रंग काळा होतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही, हेही मुलींना आधी सांगावे. गोळीच्या आणि जेवणाच्या आगेमागे तासभर चहा टाळावा. चहातले टॅनिन लोह अडवते.

ताटातले छोटे बदल गोळीला बळ देतात. आठवड्यातून काही वेळा नाचणीची भाकरी, मोड आलेली कडधान्ये, पावसाळ्यात माळावर उगवणारा टाकळा आणि कुर्डू, बारमाही शेवग्याचा पाला. सोबत लिंबाची फोड किंवा आवळा असेल तर त्यातले क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते.

तिसरी बाजू पायाखालची. ओल्या मातीतल्या अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायांतून शरीरात शिरतात. पुढे ते कृमी आतड्याला चिकटून रक्त शोषतात. चपला, पाणी असलेले आणि आतून कडी लागणारे शौचालय, आणि वर्षातून दोनदा जंतनाशक अल्बेंडाझोल यांनी ही गळती थांबते. पाण्याशिवाय शौचालय म्हणजे पुन्हा रानात जाणे. मुंबईची तहान भागवणारी भातसा आणि तानसा ही धरणे ज्या शहापुरात आहेत, तिथल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

सगळे सांभाळले तरी सुट्टीत खंड पडतो. मुलगी पाड्यावर जाते, नाहीतर आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर. तेवढ्या आठवड्यांच्या गोळ्या मोजून तिच्या हाती द्याव्यात आणि त्या कशा घ्यायच्या ते आईला नीट समजावून सांगावे.

गोळ्या घेऊनही थकवा हटत नसेल, पाळीत फार रक्त जात असेल, सांधे वारंवार दुखत असतील किंवा डोळे पिवळे दिसत असतील, तर गोळ्या मनाने वाढवू नयेत. हे सिकलसेलचेही लक्षण असू शकते. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय गाठून तपासणी करून घ्यावी. पेंगणाऱ्या मुलीला रागावण्याआधी तिचे रक्त तपासावे, एवढे तर प्रत्येक शाळेला जमण्यासारखे आहे.